प्लास्टरला पाणी मारू नका म्हणे! तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात ताईच्या घरी गेलो होतो. रिनोव्हेशन चालू आहे, हॉल आणि आतल्या दोन खोल्यांचं जुनं प्लास्टर पाडून नवीन केलंय. दिसायला भिंती छान गुळगुळीत होत्या, म्हणून सहज तळहात फिरवला तर हात करडा झाला, बोटांच्या रेषांमध्ये सिमेंटची पूड बसली. प्लास्टर होऊन जेमतेम चार दिवस झाले होते आणि भिंत कोरडीठाक, वर फॅन फुल स्पीडवर. म्हटलं ताई, पाणी कोण मारतंय? तर म्हणे पाणी मारायचं नाहीये, तो मेसेज आलाय ना सगळीकडे, आणि मोबाइल माझ्या हातात दिला. गवंडी दोनदा सांगून गेला होता पाणी मारा म्हणून, हिनेच त्याला गप्प केलं.

मेसेजचं नाव 'आरशासारख्या भिंतीची ७ गुपितं'. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो: प्लास्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटा आणि पाणी अजिबात मारू नका, कारण पाण्याने ओल धरते, मालात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणात, सिमेंट जितकं जास्त तितक्या भेगा कमी, जुन्या रंगावर पांढरा गोंद लावून थेट प्लास्टर करा, खरवडायची गरज नाही, ओल आलेल्या भिंतीला पुट्टीचे दोन हात द्या, ओल बंद, भिंत वाकडी असेल तर पुट्टीनेच लेव्हल काढा, तीन दिवसांत रंग मारा, आणि शेवटी, बल्ब भिंतीला चिकटून आडवा धरून फिनिशिंग तपासा. मी साइटवर बरीच वर्षं सुपरवायझर म्हणून काढलीत, वाचताना अक्षरशः डोकं तापलं.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच, त्यावर नीट बोलतो. सिमेंट वाळून घट्ट होतं हा समजच मुळात चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतं, आणि ती रिअ‍ॅक्शन काही एका रात्रीत संपत नाही, दिवसेंदिवस चालू राहते. प्लास्टरचा थर असतो साधारण १२ ते १५ मिलिमीटर. एका बाजूने कोरडी वीट पाणी ओढते, दुसऱ्या बाजूने वारा आणि फॅन. एवढ्याशा थरातलं पाणी उडालं की रिअ‍ॅक्शन तिथेच थांबते, सिमेंटचे कण अर्धवट राहतात, आणि तेच कण ताईच्या भिंतीवरून माझ्या हाताला लागले. उद्या त्याच्यावर पुट्टी आणि रंग चढला तर ते धरून राहणार कशाला, त्या पुडीला? वर्षभरात पोपडे निघतात आणि मग शिव्या खातो रंगारी.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. सीपीडब्ल्यूडी, म्हणजे केंद्र सरकारचं बांधकाम खातं, त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की प्लास्टर पाण्याने खराब होणार नाही इतकं घट्ट झालं की लगेच पाणी मारायला सुरुवात करायची आणि किमान ७ दिवस ते ओलं ठेवायचं. एवढंच नाही तर कोणत्या भागाचं प्लास्टर कोणत्या तारखेला झालं ती तारीख त्या त्या भागावर लिहून ठेवायची, म्हणजे सात दिवस पूर्ण झाले का ते कोणालाही बघता येतं. किती साधी गोष्ट आहे! खडूने तारीख लिहा, रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारा, भिंत कोरडी पडू देऊ नका, आणि ते सात दिवस फॅन बंद. पाइपने फवारा नको, भिंतीवरून ओघळ येईल एवढं नको, बारीक शिंपडलं तरी चालतं, पण चुकवायचं नाही.

आणि ते 'पाण्याने ओल धरते'. अहो, ते पाणी काही आठवड्यांत उडून जातं. ओल धरते ती गळक्या पाइपने, बाथरूमच्या भिंतीतून, बाहेरच्या भेगेतून किंवा जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याने.

यात एक अर्धसत्य आहे ते मान्य करतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन भांडेल. जिप्सम प्लास्टरला खरंच पाणी मारायचं नसतं. ते भाजलेलं जिप्सम असतं, भाजताना त्यातलं बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं, पाण्यात कालवलं की तेवढं परत घेऊन साधारण अर्ध्या तासात सेट होतं, पुढे फक्त जास्तीचं पाणी वाळायचं बाकी असतं. उलट जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरला दोनेक ग्रॅम, म्हणून ते बाथरूममध्ये किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावतच नाहीत. मेसेजवाल्याने जिप्समचा नियम उचलून सिमेंटला चिकटवलाय. तुमच्या घरी कोणतं प्लास्टर चाललंय हे आधी विचारा: वाळू-सिमेंट असेल तर पाणी हवंच, जिप्सम असेल तर नको.

कोरडं सिमेंट भुरभुरायचं म्हणाल तर ते गवंडी का करतात ते मला माहितीये. माल पातळ झालेला असतो, वर पाणी सुटतं, सिमेंट टाकलं की ते पाणी शोषून घेतं आणि थापी पटकन फिरते. त्या क्षणी भिंत चकचकीत दिसते, घरमालक खूश. पण आता वर निव्वळ सिमेंटची पातळ साय आणि खाली वाळूचा माल, ही साय खालच्यापेक्षा जास्त आकसते आणि काही दिवसांत भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात, भिंत ओली केली की त्या अगदी स्पष्ट दिसतात. पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या घोळाचा फिनिश ही वेगळी गोष्ट आहे, तो ताज्या प्लास्टरवर देतात आणि त्यालाही पाणी मारावंच लागतं. खरा इलाज म्हणजे माल पातळ करू नका, आणि पाणी जरा ओढलं जाईपर्यंत घोटायची घाई करू नका.

जास्त सिमेंटचंही तेच. सिमेंट वाढवलं की माल कडक होतो हे खरं, पण आकसतोही जास्त. आतल्या भिंतीला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) किंवा १:४ पुरतं, विटेपेक्षा प्लास्टर कडक करून काही मिळत नाही, ते आकसताना विटेला सोडून देतं आणि मग भिंत पोकळ वाजते. नाणं घेऊन टकटक करत जा, भरीव जागी आवाज बारीक आणि घट्ट येतो, पोकळ जागी लगेच ढबढब. त्याच स्पेसिफिकेशनमध्ये पोकळ वाजणारा भाग चौकोनी कापून काढून नव्याने करायला सांगितलंय. वरून पुट्टी भरायला नाही. जुनं-नवं प्लास्टर जोडतानाही हेच लक्षात ठेवा, जुन्याची कड भुसभुशीत, तिरकी ठेवू नका, सरळ कापा, झाडा, ओली करा, मग माल लावा.

जुना रंग आणि गोंद. पांढरा गोंद ओल लागली की परत मऊ पडतो, आणि ओलं प्लास्टर म्हणजे ओलच की! शिवाय प्लास्टर तेव्हा भिंतीला नाही, रंगाला चिकटलेलं असतं, आणि खालचा रंग सुटला की सगळं अंगावर येतं. ऑइल पेंट असेल तर खरवडा, टाचे मारा (म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडा), गुळगुळीत काँक्रीटलाही टाचे मारा, विटांमधले सांधे कोरून घ्या, धूळ झाडून भिंत धुवा आणि ओली ठेवा. प्लास्टर लावताना भिंत दमट हवी, वर पाणी चमकत असेल तर थोडं थांबा. फिनिशिंग इथे ठरतं, शेवटच्या थापीला नाही. चांगल्या पक्क्या पृष्ठभागावर वापरायची बाँडिंग केमिकल्स मिळतात, ती कामाची आहेत, पण तीही खरवडण्याच्या बदल्यात नाहीत.

ओलीवर पुट्टी म्हणजे पैसे भिंतीला फासणं. पाणी भिंतीतून येतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडतं आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन पुट्टीला आतून ढकलतात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, भिंत वाळू द्या.

पुट्टीने लेव्हल काढणं पण नाही. पुट्टी दोन हातांत मिळून दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यापेक्षा जाड चोपडली की तडकते. लेव्हल प्लास्टरमध्येच काढायची, ओळंबा लावून आधी मालाचे लेव्हलचे ठिपके घेऊन, आणि अडीच मीटरची सरळ पट्टी भिंतीवर उभी-आडवी-तिरकी लावून मागे फट दिसते का बघायची.

तीन दिवसांत रंगाबद्दल एवढंच की ताजं सिमेंट प्लास्टर खूप अल्कलाइन असतं, त्यावर घाईने लावलेल्या ऑइल पेंटची वाट लागते, इमल्शनवरही डाग येतात. चारेक आठवडे थांबा.

बल्बचा मुद्दा मात्र बरोबर आहे, एकमेव. भिंतीला चिकटून आडवा उजेड टाकला की प्रत्येक खड्डा आणि थापीची रेघ सावलीसकट दिसते. फक्त हे प्लास्टर ओलं असतानाच करा, पुट्टी झाल्यावर करून काय उपयोग.

ताईच्या घरी त्याच दिवशी फॅन बंद केला आणि पाणी सुरू केलं. उशिरा मारलेल्या पाण्यानेही थोडं सावरतं, पण गेलेले चार दिवस पूर्ण भरून येत नाहीत. हॉलची एक भिंत खिडकीसमोर, दिवसभर वारा, ती खिळ्याने ओरखडली तरी वाळू गळतेय. ती पाडावी लागणार, गवंड्याशी बोलणं झालंय. बाकीच्या भिंतींवर आता खडूने तारखा लिहिल्यात आणि ताई स्वतः सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारतेय. तिला तो मेसेज काकूने पाठवला होता, काकूला मी कालच फोन केला.