फायरफ्लॅशचं लँडिंग
'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश कठपुतळी टीव्ही मालिकेच्या पहिल्याच भागातलं (१९६५) फायरफ्लॅश या काल्पनिक विमानाचं लँडिंग आजही खरं वाटतं, याचं श्रेय मालिकेवरच्या लेखात फक्त सुबक मॉडेल्सना दिलंय. खरी किमया वेगाची! १/२५ मापाची वस्तू २५ पट कमी उंचीवरून पडते, म्हणून पाचपट (२५चं वर्गमूळ) लवकर जमिनीवर आदळते आणि खेळण्यासारखी दिसते. सेकंदाला १२० फ्रेम टिपून २४ने दाखवल्या की हालचाल पाचपट संथ होते आणि हा हिशेब जुळतो. धूर आणि धूळही जड भासते. पाणी मात्र फसवतं, थेंब काही लहान होत नाहीत. शिवाय मालिकेचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या डेरेक मेडिंग्ज यांनी विमान जागच्या जागी ठेवून खालची धावपट्टीच पट्ट्यासारखी फिरवली! हा प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा नजर चाकांखाली ठेवा.