लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मामा लोकल पकडतात

काल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीचं भांडण झालं. फटाके. कुणाच्या आजींना दम्याचा त्रास, कुणाचं कुत्रं सकाळपासून पलंगाखाली, आणि मग बी विंगच्या एका काकांनी टाकलं, "तिकडे सीमेवर जवान बॉम्ब झेलतात आणि इथे लोकांना सुतळी बॉम्ब सहन होत नाही." खाली धडाधड अंगठे आणि तिरंगे. मी मोठं उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. ग्रुपवर लिहून उपयोग नसतो, अ‍ॅडमिन लगेच "कृपया वाद टाळा, शुभ दीपावली" टाकून मोकळा होतो. म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

तर ते बॉम्ब झेलणारे जवान. त्यातले एक आमच्या घरातच आहेत, माझे सख्खे मामा. सातारा जिल्ह्यातले, तोफखान्यात होते, १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासला बोफोर्स तोफेवर. २००४ ला पेन्शन आले (आमच्याकडे रिटायर झाला म्हणत नाहीत, पेन्शन आला म्हणतात, आणि शिपाई असो नाहीतर हवालदार, गावात हाक एकच, मेजर). छत्तिसाव्या वर्षी पेन्शन आलेल्या माणसानं करायचं काय, तर मुंबईला येऊन सिक्युरिटीत लागायचं. मामा लोअर परळच्या एका टॉवरच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करायला लागले आणि पहिलं वर्षभर डोंबिवलीला आमच्याकडेच राहिले.

त्या वर्षीची दिवाळी. मी आठवीत. लक्ष्मीपूजनाची तयारी चाललेली, बत्ताशे, लाह्या, आई पाटावर कमळ काढतेय, आणि मामांनी बूट घातले. आई म्हणाली, "दादा, पूजा राहिलीय." "आलो जाऊन," एवढंच बोलून ते निघाले. आईनं मला मागे पिटाळलं. मामा सरळ स्टेशनवर, खिडकीवरून सीएसटीची दोन रिटर्न तिकिटं काढली आणि समोर लागलेल्या स्लोमध्ये चढले. त्या संध्याकाळी लोकल किती रिकामी असते हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल, अख्ख्या डब्यात आम्ही दोघं आणि एक फुलांच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेला माणूस. मला वाटलं काहीतरी काम असेल. सीएसटीला पोचलो, बाहेर पडलो, मामांनी वडापाव घेऊन दिला आणि परत गाडीत. डोंबिवली आली. उतरलो, परत खिडकीवर रांगेत, परत दोन रिटर्न, परत सीएसटी. रात्री साडेबाराला घरी पोचलो तेव्हा आई दारात बसलेली.

दुसऱ्या फेरीला भांडुपच्या आसपास मी विचारलं, मामा, आपण चाललोय कुठे? बाहेर दोन्ही बाजूंना चाळींतून धडाड धडाड चाललेलंच होतं. म्हणाले, "आरं हितं आवाज मागं पडतो. घरात बसलं की आंगावर येतो."

बस. पुढची कितीतरी वर्षं या विषयावर आमच्यात झालेलं एवढंच बोलणं.

मामा भित्रे आहेत असं वाचून ज्याला वाटलं त्यानं जरा गूगल करावं की कारगिलला आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. तो उचलायचा, लोड करायचा, डागायचा, दिवसाचे किती ते मोजायचं नाही, विरळ हवेत धाप लागलेली आणि आपल्या तोफेचा धूर दिसला की पलीकडून उत्तर येणार हे नक्की. मामांचा डावा कान तेव्हापासून जवळजवळ गेलाय. पण गंमत बघा, टीव्हीचा आवाज ऐकू न येणारा हा माणूस तीन गल्ल्या पलीकडचा सुतळी बॉम्ब बरोबर ऐकतो.

मामीला हे सगळं आमच्या आधी कळलेलं. ती मामांना कधीही हात लावून उठवत नाही, दारात उभी राहून हाक मारते आणि मग चहा आणते. एकदाच लग्नानंतर कधीतरी हलवून उठवलं होतं, त्याचा वळ आठवडाभर होता म्हणे मनगटावर. मामा तेव्हा रडले होते. हे मामीनं आईला सांगितलं, आईनं मला, आणि मी आत्ता फेसबुकला सांगतोय, तर मामी तू हे वाचत असशील तर सॉरी.

या सगळ्याला डॉक्टरी भाषेत पीटीएसडी म्हणतात. मराठीत आघातोत्तर तणाव विकार, जो नुसता उच्चारतानाच तणाव येतो. घडून गेलेली गोष्ट आत्ता घडतेय असं वाटणं, तिची आठवण देणाऱ्या जागा, माणसं, वास टाळत राहणं, झोप उडणं, कायम पहाऱ्यावर असल्यासारखं अंग ताठ, आणि ज्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही ते म्हणजे कशातच मन न लागणं, स्वतःच्या पोरांच्या बारशालासुद्धा. हे प्रत्येक फौजीला होत नाही, बहुतेकांना होत नाही, आणि ज्यांना होतं ते सगळे सिनेमात दाखवतात तसे बंदूक घेऊन सुटत नाहीत. ते गेटवर उभे राहून तुमच्या गाडीचा नंबर लिहून घेतात. झोमॅटोवाल्याला विचारतात, कुठला फ्लॅट.

आणि हे काय नवीन फॅड नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे म्हणून गाव आहे, मिलिटरी अपशिंगेच म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक आहे गावात. मला मात्र कायम वाटतं की जे परत आले त्यांचं काय? ते रात्री कसे झोपले असतील, बायकांनी त्यांना कसं उठवलं असेल? तिकडे इंग्रजांच्या डॉक्टरांनी १९१५ लाच 'शेल शॉक' हा शब्द छापला होता, आणि त्याच लढाईत त्याच इंग्रजांनी पळपुटेपणा, भेकडपणा असले आरोप ठेवून स्वतःच्याच फौजेतले ३०६ सैनिक गोळ्या घालून मारले. माफी दिली २००६ मध्ये. नव्वद वर्षांनी! पीटीएसडी हे नाव १९८० ला अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांनी वर्षानुवर्षं डोकं आपटल्यावर.

आपल्याला खरं तर एवढं लांब जायची गरजच नाही. महाभारत काढा. अठरा दिवसांचं युद्ध युधिष्ठिर जिंकलाय, सिंहासन समोर आहे आणि हा म्हणतोय मला नको राज्य, मी वनात जातो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, कृष्ण समजावतो, व्यास येतात, शेवटी सगळे मिळून त्याला बाणांवर पडलेल्या भीष्मांकडे नेतात. अख्खं शांतिपर्व म्हणजे लढाई जिंकून आलेल्या माणसाला बसवून त्याच्याशी बोलणं आहे. आणि आपण? आपण शाल देतो.

दिली ना. आमच्याच सोसायटीत, २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला. मामांना बोलावलं, शाल, श्रीफळ, क्लब हाऊसमध्ये मागे तिरंगी फुगे. माईक हातात दिला, दोन शब्द बोला मेजर. मामा म्हणाले जय हिंद, धन्यवाद, आणि माईक परत द्यायला गेले तर कमिटीतल्या एकानं (नाव घेत नाही, मेंटेनन्सची पावती त्यांच्याकडूनच घ्यायची असते) हसत हसत विचारलं, "मेजर, एक सांगा, किती जणांना उडवलंत?" पहिल्या रांगेत पोरं बसलेली. मामा थोडं थांबले आणि म्हणाले, "आम्ही तोफेवर होतो साहेब. तिकडं कोण मेलं ते दिसत नाही." हॉल गार. मग कुणीतरी पटकन गाणं लावलं आणि मुलींचा डान्स सुरू झाला.

माझा राग त्या माणसावर नाही खरं तर. तो प्रश्न मीही लहानपणी विचारलाय. माझा राग 'शूर' या शब्दावर आहे. एकदा माणसाला शूर म्हटलं की त्याच्याकडून ऐकायचं काही उरतच नाही, त्यानं फक्त मिशी पिळून फोटोत उभं राहायचं. शूर माणूस रात्री घामानं भिजून उठला हे कुणाला सांगणार? आपण कौतुक करता करता त्याचं तोंड बंद करतो आणि त्याला आदर म्हणतो.

नोकरीत असतानाही बोलायची सोय नसते. फौजेत मेडिकलचं एक सूत्र असतं, शेप, पाच अक्षरं, आणि त्यातलं पहिलं अक्षर एस हे मनासाठीच आहे. म्हणजे कागदावर मन पहिलं. पण तिथे कॅटेगरी खाली आली की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर त्याची सावली पडते, मग कोण सांगेल एमओ साहेबांना, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरला, की झोप लागत नाही? मामांनी नाही सांगितलं. त्यांनी कॅन्टीनची रम घेतली, जी फौजी माणसाला सगळ्यात सहज मिळते. रमनं झोप लागते हे खरं आहे, पण दारूची झोप अर्ध्या रात्री मोडते आणि दाबलेली स्वप्नं दुप्पट जोरानं येतात, हे त्यांना विसेक वर्षांनी एका डॉक्टरनं सांगितलं.

त्या डॉक्टरपर्यंत पोचायला मे २०२५ लागलं. आठवतंय ना, ऑपरेशन सिंदूरचे दिवस, चॅनेलवाले बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत होते? काय कारण होतं? अँकर एसीत, आम्ही डोंबिवलीत. भोंगा वाजला तेव्हा मामा जेवत होते. ओरडले नाहीत, घाबरले नाहीत. शांतपणे उठले, गॅस बंद केला, सिलिंडरचं रेग्युलेटर काढलं, खिडक्या लावल्या, मामीला म्हणाले खाली बस, भिंतीला टेकून. आणि स्वतः पॅसेजमध्ये उभे राहिले. टीव्ही तर मामीनं कधीच बंद केला होता. चाळीस मिनिटं उभे होते, हात आमटीनं तसाच खरकटा. १० तारखेला सरकारनं चॅनेलांना सांगितलं की कार्यक्रमात भोंग्याचे आवाज वापरू नका, त्याबद्दल सरकारचे आभार, आमच्याकडे तोवर उशीर झाला होता.

मग मामेबहिणीनं सूत्रं हातात घेतली. पहिले एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, मॉर्निंग वॉक करा. मामा आयुष्यभर पहाटे चारला उठून चाललेत, असो. दुसऱ्या डॉक्टर बाई भेटल्या त्यांनी पहिल्या दिवशी युद्धाचं नावही काढलं नाही, शेतीबद्दल विचारलं. एक गोळी चालू केली, रम हळूहळू कमी करायला लावली, आणि दर गुरुवारी बोलणं. पहिले चार गुरुवार मामा गप्प बसून आले. पाचव्या गुरुवारी बोलले. उपचारच असा असतो की तोच प्रसंग परत परत सांगायचा, डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, जोवर मेंदूला पटत नाही की हे झालं, संपलं.

मामांचा प्रसंग कुठला असेल? मला वाटायचं गोळे, स्फोट, रक्त. त्यांनी मला तो एका रविवारी ठाकुर्लीच्या पुलावर उभं राहून सांगितला. त्यांच्या तोफेवरचा एक पोरगा, आपल्याच जिल्ह्यातला, स्प्लिंटर लागून गेला. आठेक दिवसांनी त्याच्या नावाचं पार्सल आलं. पांढऱ्या कापडात शिवलेला डबा, वर बॉलपेननं नाव, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. आईनं पाठवलेले बेसनाचे लाडू. परत पाठवायला हवं होतं. पण सगळे भुकेले, थंडीनं गारठलेले, कुणीतरी टाका उसवला. मामांनी दोन खाल्ले. चांगले झाले होते, म्हणाले. पुढे सुट्टीवर आल्यावर त्या आईला भेटायला गेले तर तिनं पहिलं विचारलं, डबा पोचला होता का? मामा म्हणाले, पोचला आई, त्यानं खाल्ले, सगळ्यांना वाटले.

आमच्या घरी वीस वर्षं सगळे समजत होते की मामांना बेसनानं पित्त होतं.

हे भीतीचं नाही ना? म्हणून फटाके बंद करून हे मिटत नाही, आणि मी फटाके बंद करा असं म्हणतही नाहीये, बी विंगच्या काकांनी निवांत वाजवावेत. फक्त जवानांचं नाव घेऊन वाजवू नयेत.

मामा पूर्ण बरे झालेत असं सांगता येणार नाही. झोप पाच तासांवर आलीये. रोज रात्री नऊला पंजाबातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराचा फोन येतो, तोही त्याच तोफेवरचा. मी कान देऊन ऐकलंय, लढाईचं अक्षर नाही. गव्हाला काय भाव, गुडघा कसा आहे, सुनेचं पटतं का. पंधरा मिनिटं. डॉक्टर बाई म्हणतात, हा फोन चुकवू नका.

कुणाच्या घरी असा माणूस असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेचं मेडिकल कॉलेज) त्याचा वेगळा कक्षही डिसेंबर २०२३ पासून आहे. पेन्शनरांना ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मानसोपचाराचं रेफरल मिळतं, कागद जरा जास्त लागतात, चिकाटी ठेवा.

चला, सव्वासहा झाले. मामा खाली बूट घालून उभे आहेत, यंदा माझा मुलगाही हट्टानं येतोय आणि त्याला खिडकी हवीय, ती मामा देतील असं वाटत नाही. सहा चाळीसची स्लो. कमेंटमध्ये भांडायचं त्यांनी भांडा, मी साडेबारानंतर बघेन.