सिलिकॉन नॅनोकणांचा रंग केवळ आकारावर ठरत नाही

‘सिलिकॉनच्या नॅनोकणांचा रंग फक्त आकारावर ठरतो, निळा प्रकाश दिसला की कण दोन नॅनोमीटरपेक्षा लहान समजावेत, पृष्ठभागावरचा ऑक्साइड म्हणजे नुसते संरक्षक आवरण’ असा एक संदेश विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. माझ्या भाचीने तो एम.एस्सी.च्या प्रकल्प-अहवालात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा त्याला लेखी उत्तर देणे भाग पडले.

आकाराला महत्त्व आहे, एवढे मान्य करावेच लागते. अखंड सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी; ती जितकी रुंद, तितका प्रकाश निळ्याकडे झुकतो) सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि कण काही नॅनोमीटरांपर्यंत लहान झाला की ते वाढते. शास्त्रज्ञ ली कॅनहॅम यांनी १९९० मध्ये सच्छिद्र सिलिकॉनच्या लाल दीप्तीचा (त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा) खुलासा याच आधारे केला.

मात्र रंग पाहून आकार सांगणे ही घोडचूक आहे. रोचेस्टर विद्यापीठातील वोल्किन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखवले, की पृष्ठभागावर सिलिकॉन-हायड्रोजन बंध असताना दीप्ती अवरक्तापासून अतिनीलापर्यंत बदलता येते, पण ऑक्सिजनचा संपर्क होताच ती जास्तीत जास्त १ इलेक्ट्रॉन-व्होल्टने लाल बाजूला सरकते. त्यांच्या प्रतिमानानुसार सिलिकॉन-ऑक्सिजन दुहेरी बंधामुळे लहान कणांच्या रुंदावलेल्या ऊर्जा-अंतरात नव्या पातळ्या निर्माण होतात, इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) तेथे अडकतात आणि प्रकाश तेथूनच बाहेर पडतो. म्हणजे हवेत उघडा राहिलेला अतिशय लहान कणही लाल-नारिंगी दिसू शकतो, आणि ज्याला ‘नुसते आवरण’ म्हटले तोच ऑक्साइड रंग ठरवत असतो. उलट बाजूने, अल्बर्टा विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये लाल दीप्तीच्या कणांना नायट्रोजनयुक्त अभिकर्मकांच्या संपर्कात आणून निळे केले. त्यासाठी कण लहान करावे लागले नाहीत.

चांगला ऑक्साइड पृष्ठभागावरचे अपूर्ण बंध मिटवतो, हे खरे. असे बंध उरले की ऊर्जा प्रकाशाविनाच खर्ची पडते, म्हणून फिकी दीप्ती म्हणजे अशुद्ध सिलिकॉन, हा निष्कर्षही घाईचा ठरतो.

आकार सांगायचा असेल तर तो पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोजावा, पृष्ठभागावरील बंध अवरक्त वर्णपटातून तपासावेत आणि दीप्तीचा क्षयकाळही (ती विरायला लागणारा वेळ) नोंदवावा: अल्बर्टाच्या मोजमापांत लाल दीप्ती मायक्रोसेकंदांत, तर निळी नॅनोसेकंदांत विरली, आणि हा फरक केवळ डोळ्यांनी कधीच कळला नसता.