व्हिसा, पेरणी आणि जामीनदार

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जून महिन्यात भरवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यापैकी एकाच्याही नावे विदर्भात कोरडवाहू जमीन नसावी, असे माझे ठाम मत झाले आहे. २०२६ ची स्पर्धा ११ जूनला सुरू होते आणि १९ जुलैला संपते. मृग नक्षत्र तिच्या थोडे आधी लागते. म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतल्या १६ शहरांत ४८ संघ जे १०४ सामने खेळणार आहेत, त्यांतला प्रत्येक सामना आमची पेरणी, खाडे भरणे, डवरणी किंवा निंदण यांपैकी कशावर तरी नेमका येऊन पडतो. २०२२ साली कतारने तिथल्या उन्हामुळे हीच स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली होती, तेव्हा आमच्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात होती. जागतिक फुटबॉल आणि घाटंजी तालुका यांच्या तिथी जुळतील, ही आशा मी तेव्हाच सोडली आणि यंदा काहीही झाले तरी जायचे, असे ठरवले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि वडिलोपार्जित पाच एकर शेत बाळगून आहे. फुटबॉलचा नाद मला नागपुरात शिकत असताना एका कामठीच्या मित्रामुळे लागला. कामठी हे फुटबॉलचे गाव. तिथली पोरे भर पावसात, घोट्याएवढ्या चिखलात, अनवाणी पायांनी जे खेळत, ते पाहिल्यानंतर मला क्रिकेट हा बसून पोहे खाता खाता खेळायचा खेळ वाटू लागला. आमच्या गावात मात्र क्रिकेटच चालते. शाळेला क्रीडासाहित्यात मिळालेले दोन फुटबॉल पोरे चौकाराची हद्द दाखवण्यासाठी वापरतात.

तिकिटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पहिल्या फेरीत अर्ज करायला एका विशिष्ट परदेशी कंपनीचे कार्ड हवे होते आणि माझ्याजवळ रुपे कार्ड होते, त्यामुळे ती फेरी आमच्या डोक्यावरून गेली. पुढे ५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये गटवारी जाहीर झाली, ११ डिसेंबरपासून १३ जानेवारीपर्यंत सोडतीसाठी अर्ज घेतले गेले आणि जगभरातून ५० कोटींहून अधिक तिकिटांची मागणी आली. त्या ५० कोटींत माझी मागणी अर्जेंटिना विरुद्ध अल्जीरिया या १६ जूनच्या सामन्याची होती. सोबत पर्याय म्हणून, कोणी फारसे मागणार नाही अशा हिशेबाने, २७ जूनचा अल्जीरिया विरुद्ध ऑस्ट्रिया हा कॅन्सस सिटीचा सामना मी लिहून ठेवला होता. या सोडतीत तिकीट लागले की पैसे आपोआप कापले जातात. बँकेच्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला आहे तो सौभाग्यवतीचा. त्यामुळे मला अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया लागल्याची पहिली बातमी तिला, वावरात हरभरा सोंगत असताना, कळली. ती विळ्यासकट घरी आली.

"अवो, डॉलरमंधी पैसे कायचे कापले गेले?" तिने विचारले. मी शक्य तितक्या हळुवारपणे विषय मांडला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "मृगाची पेरणी हुकली तं दुबार पेरणीचं बियाणं काय तो अल्जीरिया देईन काय?" हा प्रश्न आजवर अनुत्तरित आहे.

माझ्या घरातला खर्चाचा हिशेब नेहमी क्विंटलमध्ये होतो. स्पर्धेच्या सुरुवातीला जाहीर झालेल्या दरांत गटसाखळीचे सर्वांत स्वस्त तिकीट ६० डॉलरचे आणि अंतिम सामन्याचे सर्वांत महाग तिकीट ६,७३० डॉलरचे होते. डॉलरला ९० रुपये धरले तर हे दुसरे तिकीट सहा लाखांच्या वर जाते, आणि लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये धरला तर त्यासाठी सुमारे ७५ क्विंटल कापूस लागतो. माझे तिकीट अर्थातच तळाकडच्या दरातले होते. पण विमानभाडे आणि तिकडचा मुक्काम मिळवल्यावर बेरीज इतकी फुगली, की मुलाने ती वहीच्या शेवटच्या पानावर करून, पान फाडून, आजीला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवली. कॅन्सस सिटीला भारतातून थेट विमान नाही. गावातून धामणगाव, तिथून रेल्वेने मुंबई, पुढे शिकागो आणि मग कॅन्सस सिटी असा मार्ग मी आखला. शिवाय कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे एकमेकांना लागून आहेत, एक कॅन्सस राज्यात आणि दुसरे मिसुरी राज्यात, आणि सामना मिसुरीतल्या शहरात आहे, हेही वेळीच लक्षात आले.

शिकागोचे नाव ऐकताच आमचे काकाजी सावरून बसले. काकाजींना फुटबॉलमधले काही कळत नाही, पण शिकागोच्या बाजारात सोयाबीन पडले की दोन दिवसांत यवतमाळच्या बाजार समितीतही पडते, हे त्यांना अनुभवाने पाठ आहे. गेल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना त्यांनी व्यापाऱ्याला त्याच्या कितीतरी खाली माल दिला होता, आणि त्याचा राग त्यांनी शिकागोच्या नावे जपून ठेवला आहे. मिसुरीत मैलोगणती सोयाबीनच पेरतात, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या प्रवासाला तत्त्वतः मान्यता दिली. "जाय," ते म्हणाले, "पन तिकडचं सोयाबीन एकरी किती होते, ते इचारून ये."

पुढचा प्रश्न त्यांनीच काढला. या दोन देशांचा सामना पाहायला इतक्या दूर जावे, असे त्यात आहे तरी काय? तेव्हा मी त्यांना १९८२ ची हकिकत सांगितली. त्या वर्षी स्पेनमधल्या विश्वचषकात अल्जीरियाच्या नवख्या संघाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून जगाला चकित केले. अल्जीरियाचे गटातले सामने आटोपले होते आणि दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, खिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा शेवटचा सामना होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया घरी जाणार, हे दोघांना आधीच ठाऊक होते. जर्मनीने पहिल्या अकरा मिनिटांतच एक गोल केला, आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे सरकवण्यात घालवला. प्रेक्षागृहातले अल्जीरियन लोक चिडून नोटा फडकवू लागले. तेव्हापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला. आणि आता ४४ वर्षांनी विश्वचषकात तोच अल्जीरिया आणि तोच ऑस्ट्रिया गटातल्या शेवटच्या सामन्यात समोरासमोर येत आहेत.

काकाजींनी हे सगळे डोळे मिटून ऐकले. "म्हंजे धुऱ्याचा वाद हाये," ते म्हणाले. "दोन मोठ्या शेतकऱ्यायनं रातच्यान् मिळून गरिबाचा धुरा कोरला, आन् आता नातवायची गाठ पडून रायली." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. या सामन्याचे इतके नेमके वर्णन मी कोठल्याही समालोचकाच्या तोंडून ऐकलेले नाही. गावात दुसऱ्या दिवसापासून अल्जीरियाचे समर्थक तयार झाले. त्यांतल्या बहुतेकांनी तो देश नकाशात अजून पाहिलेला नाही, पण ज्याचा धुरा कोरला गेला आहे त्याला ओळखायला नकाशा लागत नाही.

सरकारी नोकराला परदेशी जायचे तर ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, नेमक्या जूनच्या उत्तरार्धात उघडतात. कार्यालयातल्या लिपिकाने माझा अर्ज वाचून प्रवासाच्या प्रयोजनाच्या रकान्यावर बोट ठेवले. "फुटबॉल सामना पाहणे हे काई प्रयोजन होत नाई, सर," तो सहानुभूतीने म्हणाला. तीर्थयात्रा होते, वैद्यकीय उपचार होतात, मुलाकडे जाणे होते. माझा मुलगा आठवीत आहे आणि अमेरिकेत कोणी नाही, हे ऐकून त्याने मला अभ्यास दौरा सुचवला. मी खरे तेच लिहिले. त्यानंतर तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, आणि प्रत्येक टेबलावर मला अल्जीरियाची हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली.

खरी मौज व्हिसाच्या अर्जात होती. हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याची १८५ डॉलरची फी परत मिळत नाही, आणि पुतण्या तालुक्याच्या सेवा केंद्रात काम करतो म्हणून तो आम्ही तिथेच भरायला घेतला. उत्पन्नाचे दाखले, नॉनक्रिमिलेअर आणि पीकविमा यांसाठी आलेली मंडळी बाकावर बसलेली होती, आणि पुतण्याला प्रश्न मोठ्याने वाचून मराठीत सांगायची सवय आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणती समाजमाध्यमे वापरली, हा प्रश्न निर्विघ्न पार पडला. मग विचारले गेले, की तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात काय. त्यावर बाकावर इतकी माहिती निघाली, की त्यात माझ्या मामेकुळातली एक जुनी भानगडही उजेडात आली. त्यानंतर पुतण्याने वाचले, "बंदुका, स्फोटके, अण्वस्त्रे, जैविक किंवा रासायनिक बाबी यांचे विशेष कौशल्य किंवा प्रशिक्षण तुमच्याकडे आहे काय?"

"रासायनिक हो म्हना, सर," बाकावरून एक गृहस्थ तत्परतेने म्हणाले. "बोंडअळीची फवारणी दरसाली तुमीच करता ना."

"आन् स्फोटकं?" दुसरा म्हणाला. "डुकरं हाकलाले सुतळी बॉम्ब लावता, ते कायच्यात धरतीन?"

रानडुकरांवर फोडलेला सुतळी बॉम्ब अमेरिकेच्या सुरक्षेला धोका ठरतो काय, यावर तिथे जी साधकबाधक चर्चा झाली, तिच्यात दोन्ही बाजूंचे मुद्दे वजनदार होते. पण वीस मिनिटे हालचाल झाली नाही तर हा अर्ज आपोआप बंद पडतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो बंद पडला. पुतण्याने पुन्हा उघडला, तेव्हा वीज गेली. तिसऱ्या वेळी त्याने सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतले आणि सर्व प्रश्नांना "नाही" असे उत्तर देऊन टाकले.

फिफाकडून थेट तिकीट घेतलेल्यांना मुलाखतीची तारीख लवकर मिळावी, अशी सोय अमेरिकी सरकारने यंदा केलेली आहे. तारीख लवकर मिळते. व्हिसा मिळेलच, असे मात्र नाही. माझी तारीख मे महिन्यातली, मुंबईची मिळाली, आणि तीही मेव्हण्याच्या हळदीच्या दिवशी, परंतु तो विषय घरात अद्याप चालू असल्याने इथे नको. मुलाखतीची अडचण अशी, की अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१४ च्या (ब) पोटकलमानुसार माझ्यासारखा फिरायला तिकडे जाऊ इच्छिणारा प्रत्येक माणूस तिथेच कायमचा राहायला निघाला आहे, असे आधीच गृहीत धरले जाते, आणि आपण परत येऊ, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. हे ऐकून आई हसली. ज्या माणसाला घाटंजीला लग्नाला गेल्यावरही संध्याकाळच्या एसटीची घाई असते, तो अमेरिकेत राहून जाईल, ही कल्पना तिला मोठी विनोदी वाटली. सोबत न्यायला ज्वारीच्या बिबड्या किती करू, एवढेच तिने विचारले.

मुलाखतीची तालीम निंबाच्या पारावर झाली. काकाजी अधिकारी झाले. त्यांनी धोतर नीट करून, चष्मा नाकावर उतरवून, पाराच्या उंच बाजूला बैठक मारली. मी खाली, बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या कापडी पिशवीत कागदपत्रे घेऊन उभा राहिलो. बघायला अर्धे गाव होते.

"अमेरिकेत कायले जातं?"

"फुटबॉलचा सामना पाहाले."

"टीवीवर नाई दिसत काय?"

"दिसते. अठ्ठावीस तारखेच्या सकाळी."

"मंग?"

या "मंग"ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरा अधिकारी इतका खोल जाणार नाही, अशी आशा आहे. काकाजींनी पुढचा कागद मागितला. परत येण्याचा पुरावा म्हणून मी सातबारा पुढे केला. त्यांनी तो दूर धरून वाचला आणि इतर हक्काच्या रकान्यावर नख ठेवले.

"याच्यावर तं सोसायटीचा बोजा हाये."

"हाये, काकाजी. पीककर्ज."

"कर्ज असनारा मानूस वापस येते का पयते?"

इथे पारावर दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो संधी मिळताच पळतो, अमेरिका तर फारच सोयीची. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कर्ज असलेला माणूस परत येतोच, कारण तो आला नाही तर जामीनदाराच्या घरावर जप्ती येते आणि एवढे पाप कोणी डोक्यावर घेत नाही. "याचा जामीनदार कोन हाये?" असे कोणीतरी विचारले, आणि सगळ्यांच्या नजरा काकाजींकडे वळल्या. माझ्या कर्जाच्या कागदावर त्यांचीच सही आहे. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथमच काळजी उमटली.

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "एक सांग," ते म्हणाले, "या खेपेले चार-चारच्या बारा गटायतून किती जातेत पुढे?"

मी सांगितले, की प्रत्येक गटातले पहिले दोन जातात, आणि बारा तिसऱ्या क्रमांकांपैकी उत्तम आठ जातात.

"आन् यायचा सामना कवा हाये? बाकीच्या गटायच्या आंधी का मागून?"

"मागून. जवळजवळ सगळ्यायच्या मागून."

"म्हंजे किती गुनं लागतेत ते दोघायले आंधीच मालूम राहीन. आन् बराबरी दोघायले पुरली तं?"

मी गप्प राहिलो. हा हिशेब मीही रात्री अंथरुणात मांडून पाहिला होता आणि अर्ध्यावर सोडला होता.

"तं तू," काकाजी सावकाश म्हणाले, "इतकं सोयाबीन इकून, पेरनी बायकोवर टाकून, माह्या जामिनावर अमेरिकेले जाशीन, आन् थे दोघं नव्वद मिनिटं तिथी चेंडू इकून तिकून सरकोतीन. आन् या खेपेले नोटा फडकोवाले तुह्याजोळ नोटाबी राह्यनार नाईत."

पारावर इतका हशा झाला, की बैलांनी माना वर केल्या. मी पिशवीत कागद भरू लागलो, तेव्हा काकाजींनी हात वर करून सगळ्यांना शांत केले आणि निकाल दिला.

"अधिकारी म्हनून माह्यी काई हरकत नाई, व्हिसा देला. जामीनदार म्हनून हाये."