चंद्र दोन्हीकडे पृथ्वीभोवतीच फिरतो

'पृथ्वी मध्यभागी मानल्यामुळे चंद्राच्या गतीचा उलगडा होत नव्हता, कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला आणि कोडं सुटलं,' हे लेखातलं वाक्य खटकलं. ग्रहांबद्दल एक वेळ चालेल, चंद्राबद्दल अजिबात नाही. चंद्र दोन्ही मॉडेलमध्ये पृथ्वीभोवतीच फिरतो. त्याचं रोजचं उगवणं-मावळणं आकाशाच्या फिरण्यामुळे की पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, एवढाच फरक. आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटांनी इ.स. 499 मध्येच मांडलं होतं, तेही तिला मध्यभागी ठेवून! पृथ्वी मध्यभागी मानणारा प्राचीन खगोलज्ञ टॉलेमी, त्याची खरी अडचण वेगळीच होती, लेखात तिचा उल्लेखही नाही. त्याच्या गणितात चंद्राची जागा बऱ्यापैकी जमायची, पण अंतर जवळपास दुपटीने कमी-जास्त व्हायचं. म्हणजे चंद्रबिंबही कधी दुप्पट मोठं दिसायला हवं, जे कुणालाच दिसत नाही. दमास्कसच्या इब्न अल-शातिरने चौदाव्या शतकात पृथ्वी जागची न हलवता हा दोष काढला. कोपर्निकसच्या 1543 च्या ग्रंथातली चंद्राची रचना जवळजवळ तीच आहे.

चंद्राची स्वतःची चाल बघायला तर मॉडेलही लागत नाही. आमच्या रंकाळ्यावर संध्याकाळी, चंद्र रोहिणीजवळ असेल तेव्हा, दोघांमधलं अंतर नीट बघून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. चंद्र साधारण दोन बिंबांइतका पूर्वेला सरकलेला असतो. दिवसाला सुमारे 13 अंश, म्हणजे पंचांगातलं एक नक्षत्र. लेखकांनी तेवढं वाक्य दुरुस्त करावं ही विनंती, कारण शाळेतली मुलंही हे वाचतात.