‘नल अँड व्हॉइड’ला 1066 चा जन्मदाखला कोणी दिला?

वकिली इंग्रजीतल्या ‘नल अँड व्हॉइड’ (रद्दबातल) सारख्या शब्दजोड्यांबद्दल एक फॉरवर्ड सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, रयत इंग्रजी. कागद दोघांनाही कळावा म्हणून वकील एक इंग्रजी आणि एक फ्रेंच शब्द शेजारी-शेजारी लिहू लागले. वर पुस्ती अशी की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि शब्द वाढले की फी वाढायची.

आधी जोड्याच तपासू. ‘विल अँड टेस्टमेंट’ (मृत्युपत्र), ‘गुड्स अँड चॅटल्स’ (चीजवस्तू) आणि आपल्या भाडेकरारावरचं ‘लीव्ह अँड लायसन्स’ या गोष्टीत चपखल बसतात. पण फॉरवर्डमध्ये हटकून पहिलं येणारं ‘नल अँड व्हॉइड’? दोन्ही शब्द फ्रेंचमधून आलेले. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’, ‘सीझ अँड डिझिस्ट’ (कृत्य थांबवा), ‘एड अँड अबेट’ (गुन्ह्याला साथ देणं) यांचंही तेच. उलट खरेदीखतातलं ‘टू हॅव अँड टू होल्ड’ दोन्ही बाजूंनी अस्सल इंग्रजी. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातही हे दोन शब्द जोडीने येतात, आणि ते काव्य नॉर्मन यायच्या आधीचं. तुमचा पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ असं आहे. हा ‘लेट’ म्हणजे अडथळाच, तोही देशी इंग्रजी. ‘हिंडरन्स’चं मूळही इंग्रजी, शेपूट तेवढं फ्रेंच.

‘दोघांना कळावं म्हणून’ हे कारण तर काळातच बसत नाही. विजयानंतर बराच काळ इंग्लंडमधले दस्त मुख्यतः लॅटिनमध्ये लिहिले जात आणि राजाच्या न्यायालयांत वकील फ्रेंचमध्ये बोलत. 1362 मध्ये कायदाच करावा लागला की तोंडी कामकाज इंग्रजीत चालवा, कारण फ्रेंच लोकांना कळत नाही. नोंदी मात्र लॅटिनमध्येच ठेवा. इंग्रजी दस्तांचं प्रमाण वाढलं ते पंधराव्या शतकात. तोवर सरदार-दरकदारही इंग्रजीच बोलत होते. मग समजावायचं कोणाला?

आपल्याकडेच बघा ना. ‘कागदपत्र’मध्ये एक शब्द फारसी वळणाचा, दुसरा संस्कृत. लगेच वाटतं, सापडला पुरावा! पण ‘जमीनजुमला’ आणि ‘कायदेकानू’ यांतले चारही शब्द अरबी-फारसीतून आलेले. जोडी जमते ती कानाला आणि सवयीला. समजावून सांगण्यासाठीच जमते असं नाही.

फीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. इंग्लंडमध्ये दस्ताची लांबी ‘फोलिओ’त मोजत. एक फोलिओ म्हणजे 72 किंवा 90 शब्द, आणि त्यावर आकारणी. त्यामुळे मजकूर फुगला असेल, पण जोड्या त्याहून जुन्या आहेत.

राहिलं ‘अर्थ एकच’. कधी खरं, कधी घातक. ‘लीव्ह अँड लायसन्स’मध्ये दोन्हींचा अर्थ परवानगी, आपल्या 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या (ईझमेंट्स ॲक्ट) कलम 52 मध्ये व्याख्या आहे ती नुसत्या ‘लायसन्स’ची. पण ‘असॉल्ट अँड बॅटरी’ला तोच न्याय लावला तर फसाल. इंग्लंडच्या कायद्यात अंगावर हात उगारून धाक घातला की ‘असॉल्ट’, तो हात प्रत्यक्ष लागला की ‘बॅटरी’. यातला एक शब्द गाळला की आरोपही अर्धाच राहतो.