एली, एली... ही हाक कुणाला होती?

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या भायखळ्याच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर आला. पाठवणारा माझा लहानपणचा मित्र. आमच्या घरच्या नाताळच्या करंज्या खाऊन तो वाढला, त्याच्या गणपतीच्या मोदकांवर मी. खाली त्याने मनापासून विचारलं होतं, "अरे, तुमच्यात याला काय उत्तर आहे?" त्या विचारण्यासाठी हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: मरणारा माणूस खोटं बोलत नाही. येशू मरताना म्हणाला, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणजे शेवटच्या क्षणी त्याचाच देवावरचा विश्वास उडाला. तिथे उभ्या असलेल्यांनाही वाटलं की तो एलिया या जुन्या संदेष्ट्याला हाक मारतोय. आणि चार शिष्यांनी त्याचे शेवटचे शब्द वेगवेगळे लिहिलेत, तेव्हा सगळंच रचलेलं.

पहिला मुद्दा, मरणारा खोटं बोलत नाही. मान्य. आपल्या कोर्टांतही मृत्युपूर्व जबानीला मोल आहे, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. पण जबानी घ्यायची तर पूर्ण घ्यावी लागते, मधलं एक वाक्य उचलून निकाल देता येत नाही. वधस्तंभावरचे येशूचे उद्गार चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची येशूची चरित्रं, मिळून सात होतात. खिळे ठोकणाऱ्यांसाठी, "हे बापा, त्यांना क्षमा कर." शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." आईला शिष्याच्या आणि शिष्याला आईच्या हाती सोपवणं. मग ती हाक. मग "मला तहान लागली आहे," "पूर्ण झाले आहे," आणि "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो." हा क्रम परंपरेने लावलेला आहे. त्यात 'तू माझा त्याग का केलास' हे चौथं वाक्य आहे, शेवटचं नाही. फक्त मार्क आणि मत्तय वाचले तरी ते शेवटचं ठरत नाही. त्या हाकेनंतर कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला बोळा बोरूवर लावून पुढे करतो आणि येशू पुन्हा एकदा मोठ्याने ओरडून प्राण सोडतो. त्या शेवटच्या ओरडण्यात शब्द कोणते होते ते दोघांनीही लिहिलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, विश्वास उडाला हा.

ते वाक्य येशूचं स्वतःचं नाही. ते बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून यहुदी लोकांच्या तोंडात बसलेली. त्या काळी रचना बहुधा पहिल्या शब्दांनी ओळखली जायची. उत्पत्तीच्या पुस्तकाचं हिब्रू नाव 'बरेशीथ' म्हणजे 'प्रारंभी', त्याचा पहिलाच शब्द. यहुदी लोकांची सर्वांत मोठी प्रार्थना 'शेमा', म्हणजे 'ऐक', तिचाही पहिला शब्द. आपल्या मुंबईतले, कोकणातून आलेले बेने इस्राएल यहुदी लोक सांगतात की त्यांच्या पूर्वजांची बरीचशी हिब्रू विसरली गेली, पण शेमा राहिला. मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवर दिवेकरांनी १७९६ साली स्थापन केलेलं त्यांचं सभास्थान आजही आहे. आपल्याकडेही आरतीचा पहिला शब्द कानावर पडला की चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा पुढचं आपोआप म्हणू लागतं.

ते स्तोत्र उघडून बघा. बघणारे माझी थट्टा करतात, डोकं हलवतात, "याने परमेश्वरावर भरवसा ठेवला, तोच याला सोडवो" म्हणतात. माझी जीभ टाळूला चिकटली. माझी वस्त्रं ते आपसात वाटून घेतात, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. मार्कने येशूच्या मरणाची हकिगत लिहिताना हे स्तोत्र उलटं वापरलंय. आधी सैनिक चिठ्ठ्या टाकून कपडे वाटतात, ते स्तोत्राच्या अठराव्या वचनातलं. मग जाणारे-येणारे डोकी हलवतात, ते सातव्यातलं. आणि सर्वांत शेवटी येशूच्या तोंडून पहिलं वचन. मागून पुढे येत मार्क त्या हाकेपाशी थांबतो. ज्याने हे इतकं विचार करून मांडलं त्याला ती हाक लपवावीशी वाटत नव्हती.

स्तोत्राचा शेवट मात्र वेगळाच आहे. चोविसाव्या वचनात कवी म्हणतो की देवाने पीडिताच्या दुःखाला तुच्छ मानलं नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही. पुढे मंडळीत त्याची स्तुती करीन असं वचन तो देतो आणि पृथ्वीच्या टोकापर्यंत लोक देवाकडे वळतील म्हणतो. पहिल्या ओळीवरून अख्ख्या स्तोत्राला निराशेचं गाणं म्हणता येत नाही.

आणि ती पहिली ओळ तरी कुणाशी बोलते? "माझ्या देवा, माझ्या देवा." दोनदा, आणि दोन्ही वेळा 'माझ्या'. ज्याचा विश्वास उडालेला असतो तो देवाबद्दल बोलतो, किंवा गप्प बसतो. देवाशी भांडत नाही. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं, जनाबाईने किती शिव्या घातल्या, ते आपण शाळेपासून ऐकतोय. त्यावरून तुकोबांचा विश्वास उडाला असं कुणी म्हटलं आहे का? ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांनी ख्रिस्ताला अभंगातूनच आळवलं, कारण देवाशी असं जवळिकीने बोलायची रीत त्यांना घरातच मिळाली होती.

इथवर आमच्या मंडळीतले बहुतेक जण माझ्याशी सहमत होतील. पण आता आमच्याच बाजूच्या एका उत्तराबद्दल बोलायचं आहे, कारण ते उत्तर त्या मेसेजइतकंच फिरतं आणि तेही मला पटत नाही. ते असं की येशू फक्त स्तोत्र म्हणत होता, त्याला खरं सोडलेपण वाटलंच नव्हतं, तो शास्त्रवचन पूर्ण करत होता.

शुभवर्तमानं असं सांगत नाहीत. त्यांतल्या येशूच्या प्रार्थना काढून बघा. गेथशेमाने बागेत 'बापा', लाजराच्या कबरीपाशी 'बापा', वधस्तंभावर आधी 'बापा' आणि अखेरीसही 'बापा'. फक्त या एका प्रार्थनेत 'बापा' नाही, 'देवा' आहे. हा फरक पुसून टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. मूळ स्तोत्र हिब्रूत आहे, त्यात शब्द येतात 'लामा अझवतानी'. येशू म्हणाला 'लमा सबख्थनी'. ती अरामी, त्याच्या घरची, नासरेथच्या गल्लीतली बोली. शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली, तरी मार्क आणि मत्तय यांनी ते अरामी शब्द तसेच ठेवले आणि खाली अर्थ दिला. आपल्या मराठी बायबलमध्येही ते तसेच आहेत. पाठांतर म्हणून दाखवायचं असतं तर पोथीची भाषा आली असती. तोंडून आली ती घरची.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मूळचे राहुरी तालुक्यातले. चाळीस वर्षं मुंबईत राहिले आणि प्रार्थना कायम बायबलच्या मराठीत करायचे, प्रत्येक शब्द स्वच्छ: 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांच्या दोन्ही हातांना सलाईनच्या सुया होत्या आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर त्यांची बोटं सारखी फिरायची. एका रात्री अडीचच्या सुमारास ते मोठ्याने बोलले. ती प्रार्थनेची मराठी नव्हती, गावाकडची होती. माझ्या आजीशी बोलायचे तशी. "देवा, कुठं गेला रं? मला टाकून कुठं गेला?" शेजारच्या पलंगावरचा माणूस जागा झाला. मी घाबरलो. म्हणालो, "दादा, असं नका बोलू, देव इथंच आहे." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला न्हाई म्हनलं. त्याला म्हनलं."

त्यानंतर पुढच्या वर्षी आमच्या उत्तम शुक्रवारच्या उपासनेत मला चौथा शब्द, म्हणजे सात उद्गारांपैकी हाच चौथा, यावर बोलायला मिळालं. दुपारी बारा ते तीन, सात जण, प्रत्येकाला एक शब्द. ही तीन तासांची रीत पेरूमधल्या लीमा शहरात जेझुइट पाद्री अलोन्सो मेसिया यांनी सुरू केली, तिथून जगभर पसरली आणि कॅथलिक, प्रोटेस्टंट दोघांनीही घेतली. मी तयार केलेल्या कागदावर 'येशूने स्तोत्राचं स्मरण केलं' असं वाक्य होतं. ते मी वाचलं नाही. ती हाक खरी होती आणि ती देवालाच होती, या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. मेसेज लिहिणारा पहिली धरतो आणि दुसरी टाकतो, आमचे काही जण दुसरी धरतात आणि पहिली टाकतात.

एलियाच्या मुद्द्याला फार वेळ नको, पण त्यात एक सुंदर गोष्ट आहे. 'एली' म्हणजे माझा देव. एलिया हा संदेष्टा. उच्चार जवळचे, तहानेने सुकलेलं तोंड, खाली गलका. ऐकणाऱ्यांची गल्लत झाली किंवा त्यांनी मुद्दाम थट्टा केली. पण त्यांना एलियाच का आठवला? कारण संकटात एलियाला हाक मारायची यहुदी लोकांची जुनी श्रद्धा आहे. आपल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांना विचारा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने ते आजही मलिदा करतात: पोहे, खोबरं, साखर, फळं. नवस फेडायला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तेव्हा वधस्तंभाखाली 'तो एलियाला बोलावतोय' असं कुणी म्हणणं हे त्या मातीतलं, त्या लोकांतलं वाक्य आहे. येशूने दुसऱ्या कुणाला हाक मारल्याचा तो पुरावा होत नाही.

राहिला प्रश्न वेगवेगळ्या शेवटच्या शब्दांचा. आधी एक दुरुस्ती: मार्क आणि लूक हे बारा शिष्यांपैकी नव्हते. आता फरक. लूक शेवटी एकतिसाव्या स्तोत्रातलं वचन देतो, "तुझ्या हाती आत्मा सोपवतो". यहुदी परंपरेत झोपण्याआधी हे वचन म्हणतात. येशूने त्याला 'बापा' जोडलं. योहान देतो, "पूर्ण झाले आहे." मार्क आणि मत्तय शेवटी फक्त आरोळी देतात. प्रत्येकाने आपल्यापर्यंत जे आलं त्यातून निवडलं हे उघड आहे, आणि ते नाकारायचं मला कारण दिसत नाही.

पण रचलेलं? रचायचं असतं तर 'देवाने मला टाकलं' हे वाक्य आपल्याच प्रभूच्या तोंडी कुणी घातलं असतं का? मार्क सर्वांत जुना, बहुतेक अभ्यासक त्याला इसवी सन ७० च्या आसपास ठेवतात, आणि हे वाक्य तिथेच आहे. पुढे लोकांना ते जड जाऊ लागलं. केंब्रिजला जपलेल्या, पाचव्या शतकाच्या सुमाराच्या बेझी नावाच्या हस्तलिखितात मार्कमधल्या त्या ओळीचा अर्थच बदललाय: 'तू माझी निंदा का केलीस'. इजिप्तमध्ये १८८६ च्या सुमारास सापडलेल्या, पेत्राच्या नावावर असलेल्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, 'माझ्या सामर्थ्या, तू मला सोडलंस'. लोक त्या वाक्याची धार काढायला बघत होते. चर्चने मात्र बायबलमध्ये धारदार वाक्यच ठेवलं.

'पूर्ण झाले आहे' वरूनही आमच्याकडे एक मेसेज फिरतो, आणि मित्राला उत्तर देताना कुणीतरी तोच चिकटवला होता, म्हणून सांगतो. म्हणे मूळ ग्रीक शब्द 'तेतेलेस्ताई' कर्ज फिटल्यावर पावतीवर लिहायचे, 'पूर्ण रक्कम मिळाली' म्हणून. ऐकायला छान आहे. पण ज्या पावत्यांवरून हे आलं त्या इजिप्तमधल्या जकातीच्या आहेत. त्यांवर तो शब्द अर्धाच, तोडून लिहिलेला असतो. आधी काहींनी तो 'तेतेलेस्ताई' असा वाचला, नंतर तो जकात भरल्याचा वेगळाच शब्द असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. २०१७ पर्यंत दहिसर-मुलुंडच्या नाक्यावर ट्रकवाल्याला मिळायची तशी ती चिठ्ठी. त्यावर कुणाचं कर्ज फिटत नव्हतं. योहानाने हाच शब्द दोन वचनं आधी वापरलाय: 'आता सर्व पूर्ण झाले आहे हे जाणून' येशू म्हणाला, मला तहान लागली आहे. ज्या कामासाठी आलो ते पार पडलं, हा अर्थ तिथेच लिहिलेला आहे. पापाचं ऋण फिटलं हे आम्ही मानतो, पण त्यासाठी चुकीच्या पावतीची गरज नाही. दुसऱ्याच्या मेसेजमधलं अर्धसत्य दाखवायचं आणि आपलं तसंच ठेवायचं, हे मला जमणार नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं की मार्क उघड, पंधरावा अध्याय, आणि त्या हाकेनंतर काय होतं ते वाच. मार्कच्या अख्ख्या पुस्तकात येशू देवाचा पुत्र असल्याचं भुतं म्हणतात, आकाशवाणी म्हणते. पण माणसाच्या तोंडून हे एकदाच कबूल होतं, आणि ते चमत्कार बघून नाही. तो माणूस शिष्य नाही, यहुदीही नाही. वधस्तंभावर देखरेख करणारा रोमी शताधिपती. तो येशूच्या समोर उभा होता. त्याने ती हाक ऐकली, शब्द नसलेली ती शेवटची आरोळी ऐकली, येशूने कसा प्राण सोडला ते पाहिलं आणि म्हणाला, "खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता."